टाळी कशावर द्यायची?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरील सभागृहात संध्याकाळची आरती चालू होती. माझ्या शेजारी सहा वर्षांचा एक मुलगा आपल्या आजीच्या पुढ्यात उभा राहून अगदी मन लावून टाळ्या वाजवत होता. मध्येच तीन-चार टाळ्या लागोपाठ पडत, मग लांबलचक अंतर, मग पुन्हा दोन घाईच्या टाळ्या. आजीने दोन कडव्यांपर्यंत सोसले. मग त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून, "अरे, तालात वाजव ना! हे बघ, असं," म्हणत ती ते हात स्वतःच्या लयीने एकमेकांवर आपटू लागली. मुलाने हात सोडवून घेतले. "मी तालातच वाजवतोय," असे म्हणून तो रुसला आणि मोदकांच्या ताटाकडे निघून गेला.

मी ठाण्यात, वर्तकनगर भागात राहते. गेली पाच वर्षे दर रविवारी सकाळी याच सभागृहात सोसायटीतील पाच ते आठ वर्षांच्या दहा-बारा मुलांना घेऊन मी तासभर बसते. वर्ग म्हणावा इतकी शिस्त तिथे नाही. माझे स्वतःचे शिक्षण तबल्याच्या काही परीक्षांपुरते आणि पुढे हौसेने गाण्यापुरते आहे. तरीही त्या टाळ्या ऐकताना मला काहीतरी खटकले, म्हणून आरती झाल्यावर त्या मुलाला गाठले आणि पुन्हा तसेच वाजवून दाखवायला सांगितले. या वेळी त्याच्या हातांकडे न पाहता मी त्याच्या ओठांकडे पाहिले. तो मनातल्या मनात आरतीचे शब्द म्हणत होता आणि प्रत्येक उच्चाराला एक टाळी देत होता. चालीत जिथे अक्षर लांबवलेले असते तिथे त्याचे हात थांबत होते आणि जिथे अक्षरे दाटीने येतात तिथे ते धावत होते. सबंध कडव्यात त्याची एकही टाळी चुकली नव्हती.

आजी ज्याला ताल म्हणत होती ती एक गोष्ट आणि नातू ज्याला ताल म्हणत होता ती दुसरी. दोन्ही गोष्टी गाण्यात एकाच वेळी नांदत असतात. पहिली म्हणजे सारख्या अंतराने पडत राहणारा ठोका, जो गाणारा श्वास घ्यायला थांबला तरी थांबत नाही. संगीताच्या परिभाषेत मात्रा. दुसरी म्हणजे त्या ठोक्यांवर आणि ठोक्यांच्या मधल्या जागांत शब्दांनी, सुरांनी किंवा बोलांनी केलेली आखूड-लांब मांडणी. जात्यावर दळणाऱ्या बाईचा हात एकाच गतीने फिरत राहतो आणि तिच्या ओवीतील अक्षरे त्या फेऱ्यावर कुठे दाट, कुठे विरळ पडतात, तसे हे आहे. आपण बोलताना दोन्हींना सर्रास ताल म्हणतो, कधी ठेका म्हणतो, कधी लय म्हणतो. शास्त्रात मात्र ताल हा शब्द तिसऱ्याच गोष्टीसाठी राखलेला आहे, म्हणजे ठरावीक मात्रांचे, विभागांचे आणि टाळी-खालीचे (टाळी द्यायच्या आणि हात उलटा न्यायच्या जागांचे) पुन्हा पुन्हा फिरणारे आवर्तन. ठेका म्हणजे त्या आवर्तनाचे ठरलेले बोल आणि लय म्हणजे मात्रांची गती. एका शब्दात इतके सगळे कोंबून आपण मुलाला "तालात वाजव" म्हणतो आणि त्याने त्यातले नेमके आपल्या मनातले उचलावे अशी अपेक्षा ठेवतो.

त्यानंतरच्या रविवारपासून मी 'ताल' हा शब्द काही काळ बाजूला ठेवला आणि मुलांशी बोलताना 'पायातलं' आणि 'तोंडातलं' असे दोनच शब्द वापरायला लागले. ठोका पायात ठेवायचा, अक्षरे तोंडात. हातांनी काय करायचे ते नंतर पाहू.

हा फरक समजावून देण्यासाठी मुलांना गाणे नव्याने शिकवावे लागत नाही, कारण पाढे त्यांच्याजवळ आधीच असतात. "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा" हे वर्गात सगळ्यांनी मिळून जसे म्हटले जाते तसे जागच्या जागी पावले टाकत म्हणून पाहावे. 'बे' हे एक पाऊल, 'दुणे' हे दुसरे, 'चार' हे तिसरे आणि चौथ्या पावलावर कोणीच काही बोलत नाही. प्रत्येक ओळ चार पावलांची आहे. 'त्रिक' म्हणजे एका पावलावर एकच उच्चार, 'दुणे' म्हणजे त्याच पावलावर दोन. 'चार'चा एक, 'सहा'चे दोन. तोंडातले सतत बदलते आणि पायातले ढिम्म बदलत नाही. चौथ्या पावलावरची गप्प जागा मुले हमखास खातात, विशेषतः पाढा पाठ असल्याचे दाखवायची घाई असते तेव्हा. म्हणून त्या जागी आम्ही नाकाला बोट लावतो. नाकाला बोट लावायचे आहे म्हटल्यावर ती जागा कोणी विसरत नाही. उलट तिचीच वाट पाहिली जाते.

सुरुवातीच्या वर्षी मी याच्या नेमके उलटे करत होते, तेही इथे लिहून ठेवते. मला वाटले होते की लहान मुलांना सगळे सावकाश शिकवावे, म्हणून विजेवरचा तबला मिनिटाला साठ मात्रांवर लावून मी मुलांना केवळ सरळ टाळ्या द्यायला सांगत असे. पहिल्या तीन-चार टाळ्या बरोबर पडत आणि मग सगळी मुले यंत्राच्या पुढे पळत. मी थांबवायची, पुन्हा सुरू करायची, "ऐका ना जरा नीट" म्हणायची. पाच मिनिटांत अर्धी मुले सतरंजीवर लोळण घेत आणि उरलेली अर्धी माझ्याकडे दयेने पाहत. दोष त्यांच्या कानांचा नव्हता. चार-पाच वर्षांच्या मुलाला टेबलावर त्याच्या मनाने ठोके द्यायला सांगितले, तर तो साधारणपणे सेकंदाला दोन ते अडीच ठोके देतो. मोठ्या माणसाचा सहज पडणारा ठोका त्याहून संथ, मिनिटाला शंभराच्या आसपास असतो. सेकंदाला एक टाळी म्हणजे त्या वयाच्या मुलासाठी दोन टाळ्यांमध्ये मोठा खड्डा. तो खड्डा मनात धरून ठेवायला लागणारी कुवत वाढत्या वयाबरोबर येते. मोठ्या कलाकारांनाही विलंबित, म्हणजे अगदी संथ, लय सोपी नसते. म्हणून तर विलंबित एकतालात तबलजी दोन ठोक्यांमधली जागा 'तिरकिट'सारख्या बोलांनी भरून काढतो. ज्याला आपण सोपे समजून मुलांना आधी देतो, ते खरे तर सर्वांत अवघड असते.

आता मी उलट्या बाजूने जाते. एखाद्या मुलाला पुढे बोलावून "तुझ्या मनाने चाल" म्हणते आणि त्याच्या पावलांवर मी डफ धरते. मूल माझ्याबरोबर येत नाही, मी मुलाबरोबर जाते. काही रविवार असे गेल्यावर मी डफाची गती हळूच कमी-जास्त करते आणि तोवर ऐकून ऐकून तयार झालेली मुले आपोआप पाय बदलतात. टाळ्यांपेक्षा दोन्ही तळहात मांड्यांवर मारणे पाच वर्षांच्या मुलाला सोपे जाते, कारण टाळीसाठी दोन हलणारे हात हवेत एकमेकांना गाठायचे असतात आणि मांडी मात्र जागेवरच असते. ही अगदी बारीक गोष्ट आहे, पण तिने माझ्या वर्गातला निम्मा गोंधळ कमी केला.

यंत्र मी पूर्ण बंद केले त्यामागे आणखी एक प्रसंग आहे. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात आमच्या आठ मुलांनी ध्वनिमुद्रित साथीवर झांजा वाजवायच्या होत्या. महिनाभर सराव झाला होता. कार्यक्रमाच्या दिवशी मुले रांगेत उभी राहिली, साथ सुरू झाली, पहिले कडवे छान गेले आणि मग समोर बसलेल्या आई-बाबांनी कौतुकाने टाळ्या द्यायला सुरुवात केली. शंभर माणसांच्या टाळ्या एकदा सुरू झाल्या की त्यांची गती वाढतेच. आरती शेवटच्या कडव्यापर्यंत कुठे पोहोचते ते आपण सगळे जाणतो. मुलांनी साथ सोडली आणि आई-बाबांबरोबर धावायला लागली. साथ संपायच्या आधी मुले संपली. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी पुढचे दोन दिवस उद्वाहन टाळून जिन्याने ये-जा केली.

पुढे वाचनात आले की जर्मनीतील लाइपझिग येथे सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोलक्यासारख्या वाद्यावर ठोके धरायला सांगून पाहिले होते. ठोका देणारा कधी समोर बसलेला माणूस होता, कधी ढोल वाजवणारे यंत्र, तर कधी नुसता ध्वनिवर्धकातून येणारा आवाज. समोर माणूस असताना मुलांची संगत सर्वांत अचूक जुळली. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचताना माझी ती आठ मुले डोळ्यांसमोर आली. एका बाजूला ध्वनिवर्धकातून येणारी साथ आणि दुसऱ्या बाजूला साक्षात आई! त्यांनी माणसांची साथ धरली, हे त्यांच्या वयाला शोभेसेच होते. सरावात यंत्र आणि प्रयोगात माणसे अशी अदलाबदल मीच करून ठेवली होती. आता मुलांचा कार्यक्रम असला की तबल्यावर कोणीतरी माणूस बसतो आणि मी प्रेक्षकांत बसून टाळ्या संथ ठेवते. शंभर माणसांपुढे माझ्या टाळीचे किती चालते हा प्रश्न वेगळा.

याच विषयातील दुसरा एक प्रयोग मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो आपल्या घरोघरी रोज होत असतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना अशी एक ठोक्यांची मालिका ऐकवली, जिच्यात कोणताही ठोका ठळक नव्हता. ती ऐकवत असताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्यावर उसळवले, काहींना दर तिसऱ्या. नंतर त्याच मालिकेची ठळक ठोके घातलेली दोन रूपे ऐकवली, तेव्हा प्रत्येक गटातील बाळांनी आपल्याला ज्या ठोक्यावर उसळवले होते तेच रूप अधिक वेळ ऐकले. डोळे बांधले तरी परिणाम तोच राहिला. मात्र स्वतः न हलता समोरच्या माणसाला नुसते उसळताना पाहिले, तर तो परिणाम दिसला नाही. २००५ मधील हा प्रयोग. आपल्याकडे आजी-आजोबा नातवंडाला मांडीवर बसवून घोडा-घोडा करतात तेव्हा ते याहून वेगळे काय करत असतात? दोनाच्या आणि तीनाच्या चालीतला फरक मुलाच्या अंगात तिथेच उतरायला लागतो. मोबाईलवर नाचणारी चित्रे पाहणाऱ्या मुलाच्या पदरात त्यातले फारसे काही पडत नसावे, असा माझा समज आहे. प्रयोग चित्रांवर नव्हता, एवढे मान्य करूनही.

जिनिव्हात १८९२ पासून संगीत शिकवणाऱ्या एमिल झाक-दालक्रोझ यांना आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांची बोटे वाद्यावर तयार असूनही लय अंगात नाही असे जाणवले आणि त्यांनी त्यांना चालायला लावले. पुढे त्यातून एक पद्धतच उभी राहिली. मला ते वाचून नवल वाटले नाही. आषाढीच्या वाटेवर पावली खेळणाऱ्या वारकऱ्याला, झिम्म्यात आणि फुगडीत घुमणाऱ्या मुलींना आणि टिपऱ्या खेळणाऱ्या पोरांना हे कोणी शाळा काढून शिकवले नव्हते. पण आमच्या इमारतीतील मुलांच्या वाट्याला पावली आणि फुगडी फार येत नाही, म्हणून ती मुद्दाम आणावी लागते.

एका संध्याकाळी तलावपाळीवर त्या रुसलेल्या मुलाला आणि त्याच्या आजीला मी मासुंदा तलावाच्या कडेने चालताना पाहिले. आजीने त्याचे बोट धरले होते. ती एक पाऊल टाकत होती तेवढ्यात तो दोन टाकत होता, पण दोघेही एकाच वेळी पुढे सरकत होते आणि कोणी कोणाला ओढत नव्हते. तबला शिकणाऱ्याला दुगुन, म्हणजे एका मात्रेत दोन, समजावून देण्यासाठी शिक्षक वहीत आकडे मांडतात. इथे ती दुगुन फुटपाथवरून चालत होती. मी त्यांच्यामागून थोडे अंतर गेले. भेळवाल्यापाशी आजीने चाल मंदावली तेव्हा त्याची पावलेही बदलली आणि काही क्षण तिच्या दोन पावलांत त्याची तीन बसली, म्हणजे दीडपट, ज्याला तबलजी आड म्हणतात. माझ्या परीक्षेच्या वेळी ही आड हातावर धरताना मला घाम फुटला होता. त्याला ती नुसती भेळेसाठी आली.

त्यावरूनच पुढचा खेळ सुचला. दिवाळी जवळ आली होती आणि घरोघरी तळणीचे वास येत होते. मी मुलांना म्हटले, "आपण सगळे चालत राहू आणि प्रत्येक पावलावर फराळातलं काहीतरी म्हणू." पहिल्यांदा 'शेव'. एक पाऊल, एक शेव. मग 'लाडू': एका पावलात ला आणि डू. मग 'अनारसा', तीन तुकडे. मग 'शंकरपाळी', चार. पाय सर्वांचे सारखेच पडत होते आणि तोंडातले एकपटीवरून दुप्पट, तिप्पट, चौपट होत होते. बरोबरी, दुगुन, तिगुन, चौगुन हे शब्द मी त्या दिवशी उच्चारलेसुद्धा नाहीत. शंकरपाळीला मुलांची जीभ अडखळली की पाय धावायला लागत. म्हणून शंकरपाळीच्या वेळी पाय आपटायचे आणि शेवेच्या वेळी मांजरासारखे टाकायचे, असे ठरवले. अनारसा मात्र दोन रविवार बसेना. बोलताना त्यातला 'अ' आखूड आणि 'नार' लांब येतो, त्यामुळे तीन सारखे भाग पडतच नाहीत. शेवटी एका मुलीने हाताची तीन बोटे टेबलावर एकामागून एक आपटत तो म्हटला आणि बाकीच्यांनी तिची बोटे पाहून उचलला.

चकलीवरून मात्र वाद झाला. मुले चकलीला दोन टाळ्या देत होती. मागे बसलेल्या एका आईने मोठ्याने सांगितले, "चकलीत तीन अक्षरं आहेत. च, क, ली. तीन टाळ्या द्या." मुले गोंधळली आणि तिसरी टाळी कुठेतरी घुसवायला लागली. सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे वळली. "काकू, लिहिताना तीन आहेत. पण आई घरी 'चकली झाली का' विचारते तेव्हा दोनच ऐकू येतात." तिचे बरोबर होते. मराठी बोलताना आपण मधला 'अ' गिळतो. चकलीचे 'चक्-ली' होते, चिवड्यातले 'चिव्-डा', शंकरपाळीतला 'र' तर 'क'ला चिकटून बसतो, म्हणून पाच अक्षरांची शंकरपाळी चार टाळ्यांत मावते. लिहायला-वाचायला शिकण्याच्या वयातली मुले अजून कानाने मोजतात आणि मोठी माणसे डोळ्यांनी. त्या आईचेही चूक नव्हते, कारण अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरे मोजतात तेव्हा चकली तीनच भरेल, आणि गाताना तो गिळलेला 'अ' आपण उघडून म्हणतोही. म्हणून आम्ही दोन्ही करून पाहिले: बोललेली चकली दोन टाळ्यांची, गायलेली चकली तीन टाळ्यांची. गायलेली चकली मुलांना फारच विनोदी वाटली आणि उरलेला वेळ तिच्यातच गेला.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत मुले एका ठोक्याला 'टा' आणि त्याच ठोक्यात दोन ध्वनी असतील तर 'टी-टी' म्हणतात. ती पद्धत जगभर चालते आणि इंग्रजी शाळांतून इथेही आली आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एवढेच वाटते की ज्या मुलांच्या कानांवर 'धागे नाती नक धिन' सहज पडू शकते, त्यांना परक्या टा-टीची गरज पडू नये. आपल्याकडचे बोल केवळ लांबी सांगत नाहीत, आवाजाची जातही सांगतात. 'धा' म्हटला की डग्गा घुमतो, 'ना' म्हटला की घुमत नाही, आणि मुलाच्या तोंडालाच ते कळते. वाजवायच्या आधी बोल हातावर टाळी देत म्हणायचे, ही पढंत आपल्या परंपरेत जुनी आहे. लहान मुलांसाठी मला तिच्याहून चांगले साधन सापडलेले नाही.

पढंतीबरोबर खाली येते आणि तिथे शिकवणाऱ्याने जपायला हवे. 'खाली' म्हणजे रिकामी जागा, तिथे गप्प बसायचे, असा समज मुलांचा तर होतोच, पण मी काही मोठ्या गायकांच्या तोंडूनही तो ऐकला आहे. नाकाला बोट लावायची पाढ्यातली जागा खरोखर गप्प असते. खाली तशी नसते. 'धागे नाती नक धिन' या केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीवर टाळी आणि पाचवीवर खाली असते. तिथे 'न' हा बोल व्यवस्थित वाजतो, फक्त डग्ग्याचे घुमणे नसते. हात तळव्यावर आपटण्याऐवजी बाजूला उलटा नेतात तो यासाठी की ऐकणाऱ्याला आवर्तनाचा दुसरा अर्धा भाग ओळखू यावा आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आल्याचे कळावे. संगीत लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीच्या लिपीत समेला फुली आणि खालीला शून्य लिहितात. ते शून्य पाहूनच घोटाळा होत असावा. मी मुलांना पहिल्या चार मात्रा हत्तीसारख्या आणि पुढच्या चार हरणासारख्या चालायला लावते. हरीण गप्प नसते, हलके असते. हत्ती कधी परत येणार हे मुले न मोजता ओळखायला लागली की सम कळली असे मी समजते. तीनतालाच्या सोळा मात्रा त्यानंतर कधीतरी. घाई नाही.

घाई पालकांना असते आणि ती मला समजते. "परीक्षेला कधी बसवायचं?" हा प्रश्न दुसऱ्याच महिन्यात येतो. संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू वाशीला, म्हणजे आपल्या ठाणे-वाशी लोकलच्या टप्प्यात. प्रारंभिकपासून सुरू होणाऱ्या या परीक्षांनी महाराष्ट्रात घरोघरी गाणे-वाजवणे पोहोचवले, हे मी स्वतःच्या उदाहरणावरून सांगू शकते. पण परीक्षेत तालाची माहिती द्यायची असते: मात्रा किती, विभाग किती, खाली कितवीवर. पाच वर्षांचे मूल ही माहिती पोपटासारखी सांगू शकते आणि तरीही आरतीत त्याला सम सापडत नाही. म्हणून आठ वर्षांपर्यंत थांबा, असे मी सांगते. काही पालक ऐकतात, काही दुसरीकडे नाव घालतात. त्यांतली दोन मुले दुसरीकडचा वर्ग सांभाळून रविवारी आमच्याकडेही येतात, ते बहुधा हत्ती-हरणासाठी.

गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिराकडून निघणारी स्वागतयात्रा पाहायला यंदा मी सहा मुलांना घेऊन गेले होते. ढोल-ताशांच्या अगदी जवळ लहान मुलांना उभे करू नये, कानांना ते सोसत नाही, म्हणून आम्ही राम मारुती रस्त्याच्या एका बोळाच्या तोंडाशी बऱ्यापैकी लांब थांबलो. पथक समोरून जायला लागले तसे मी मुलांना विचारले, "पायातलं कोण वाजवतंय आणि तोंडातलं कोण?" उत्तर यायला क्षणही लागला नाही. ढोल पायातला, ताशा तोंडातला. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचे झरझर ठोके, सुरू झाली की एकीची जीभ आपोआप 'शंकरपाळीशंकरपाळी' करायला लागे. आजीशी रुसलेला तो मुलगाही आमच्यात होता. तो काही बोलला नाही, पण त्याचे पाय ढोलावर पडत होते आणि बोटे विजारीवर ताशा वाजवत होती, दोन्ही एकाच वेळी. त्याच्या आजीला हे मी मुद्दाम सांगितले. "माझ्या आरतीच्या वेळी बरं नाही वाजवत," ती म्हणाली.

गेल्या रविवारी चकलीवाल्या मुलीने विचारले की अर्ध्या मुलांनी 'लाडू' आणि अर्ध्यांनी 'अनारसा' एकाच पावलावर एकदम म्हटले तर काय होईल. म्हणजे दोनावर तीन, तलावपाळीवरची तीच दीडपट, पण या वेळी जाणूनबुजून. मी तिला हे अवघड आहे असे सांगितले नाही. सभागृहाच्या मधोमध सतरंजीची घडी घालून सीमा आखली, मी डफावर पाऊल धरले आणि दोन्ही बाजूंना आपापला जिन्नस सांगितला. पहिले पाऊल जुळले. दुसरेही. तिसऱ्याला अनारसावाले लाडूवाल्यांकडे पाहायला लागले, चौथ्याला लाडूचा 'अलाडू' झाला आणि सगळे हसत सतरंजीवर पडले. पुन्हा केले तेव्हा पाच पावले टिकले. येत्या रविवारी एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे ठरले आहे.